तोफेचं तोंड

दंतवैद्यांच्या बायकोनं काउंटरवर कोट आपटला त्याला दोन दिवस झाले होते, तरी ताईच्या कानातून तो आवाज जात नव्हता. कोटाचा एरवी आवाज होत नाही. पण त्या बाईंनी तो असा काही आपटला की आत काम करणाऱ्या बायकांनी हातातल्या इस्त्र्या वरच्यावर धरल्या.

"तुमच्या लाँड्रीत कपडे धुतात की माणसं?" एवढं विचारून त्या गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग आठ वर्षांचं गिऱ्हाईक गेलं.

दोष कोणाचा हे शोधायची गरज नव्हती. या घरात काही फुटलं, तुटलं, पेटलं किंवा कोणी रागावून गेलं की सगळे आधी तोफेकडे बघायचे. तोफ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस. हे नाव मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, त्याला तो दहा वर्षांचा असताना ठेवलं होतं आणि त्यानं ते आजवर इमानानं चालवलं होतं. आधी कुस्ती झाली, मग बुद्धिबळ, मग निसर्गोपचार. त्या निसर्गोपचारापायी अख्ख्या कुटुंबानं सहा महिने कच्चं खाल्लं. मग कामगार संघटना. संपाच्या दिवसांत तोफ स्वतःच्याच लाँड्रीसमोर सकाळभर घोषणा द्यायचा, दुपारी आत येऊन ताईच्या हातचं जेवायचा आणि तोंड पुसून पुन्हा घोषणा द्यायला बाहेर बसायचा. लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, तोफेचे आठ महिने असत. ते सरले की सगळं सामान माळ्यावर जाई आणि तोफ कोपऱ्यात तोंड पाडून बसे. एरवीच्या गोंधळाला ताई कधी भ्याली नाही. तिला भीती वाटायची ती त्या कोपऱ्यातल्या दिवसांची. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा आणि ती वीसची होती. आई गादीवर पडून होती आणि याला जेवू-खाऊ घालून हिनं वाढवलं होतं. त्याचं पडलेलं तोंड तिला बघवत नसे.

आणि आता हे. चार महिन्यांपूर्वी तोफ चर्चची घंटा बंद पाडायला गेला होता. 'घंटेमुळे आईची झोप मोडते' असा अर्ज त्यानं लिहिला, त्याखाली शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. आईला धड ऐकू येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आत प्रार्थना चालू होती म्हणून, ती संपली की आरडाओरडा करायचा या बेतानं तो मागच्या बाकावर बसला. परत आला तो अर्ज खिशात तसाच ठेवून, आणि पायरीवर ताईशेजारी टेकला.

"ताई, तिथे एक बाई गुडघ्यांवर बसून रडत होती. स्वतःसाठी नाही गं, तुरुंगातल्या कुणासाठी तरी. तिच्या नात्यातलाही नव्हता तो. माझ्यासाठी असं कोणी कधी रडलं असेल का?"

ताईला उत्तर ठाऊक होतं, पण तिनं ते दिलं नाही. दोन महिन्यांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. सगळं घर गेलं. तीन पिढ्या देव न मानणाऱ्या या घरातला दादासुद्धा हाताची घडी घालून पहिल्या रांगेत उभा राहिला. पाण्यातून वर आलेल्या तोफेचा चेहरा ताईनं पाहिला आणि मनात म्हणाली, हा कोणता का देव असेना, याला आठ महिन्यांनी परत देऊ नकोस रे बाबा. तेव्हापासून ती घंटा तोफच वाजवत होता.

तिथवर ठीक होतं. घोडं अडलं ते पाकिटांपाशी. आजोबांनी लाँड्री काढली तेव्हापासूनचा नियम होता, की धुवायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करायचा आणि जे निघेल ते तपकिरी पाकिटात घालून, इस्त्री झाल्यावर कपड्याला टाचणीनं लावायचं. पाकिटावर छापलेलं असे, 'आपल्या खिशात सापडले'. बटणं, किल्ल्या, औषधाच्या गोळ्या, एकदा तर कवळी. लाँड्रीची सगळी अब्रू त्या पाकिटात होती. खिशांचं काम तोफेकडे होतं, आणि गेला महिनाभर त्यानं रिकाम्या खिशांनाही पाकिटं लावली होती. आत स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी. दंतवैद्यांच्या वाट्याला आलेली चिठ्ठी अशी होती: 'तुझं पाप लपलेलं नाही. अजून वेळ आहे. कबूल कर.'

ती त्यांच्या बायकोनं वाचली. नवऱ्याच्या खिशात सापडली म्हटल्यावर तिनं ती जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवली, आणि दंतवैद्यांनी घास खाली ठेवून सगळं कबूल केलं. चार वर्षांपूर्वी तिचं मांजर पळून गेलं नव्हतं. त्यांनीच ते टोपलीत घालून नदीपलीकडच्या गावात सोडलं होतं.

म्हणून आज, सुट्टीच्या दिवशी दुपारी, घरची माणसं इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती बसली होती. एका टोकाला आई, वय चौऱ्याऐंशी. दुसऱ्या टोकाला दादा. तो शाळेतून निवृत्त झाला होता, पण हेडमास्तरकी काही सुटली नव्हती. मध्ये ताई. समोर तोफ आणि त्याच्या शेजारी त्याची बायको, धाकटी. खळीच्या टाकीवर अठरा वर्षं काम करताना तिनं घरच्या भांडणात कधी तोंड घातलं नव्हतं. काय सांगायचं ते दादा आणि ताईचं सकाळीच ठरलं होतं: लाँड्री किंवा उपदेश, दोन्हीपैकी एक. सांगायचं मात्र ताईनं होतं.

"ताई, तू बोलतेस की मी बोलू?" दादानं घसा साफ केला.

"बोलते ना. श्वास तर घेऊ दे."

"मला आधी बोलायचंय," तोफ म्हणाला. खिडकीच्या काचा नेहमीप्रमाणे थरथरल्या. "माझं काय चुकलं ते सांगा. त्या माणसाच्या पोटात चार वर्षं पाप सडत होतं. एका चिठ्ठीसरशी बाहेर आलं. आज त्याला मोकळं वाटत असेल!"

"तो आज त्याच्या भावाकडे ओसरीवर झोपतोय," दादा म्हणाला. "आणि पाप कसलं? मांजराचं!"

"पाप ते पाप, दादा. मांजर लहान असेल."

"कोण गेलं?" आईनं विचारलं.

"कोणी नाही गेलं, आई. मांजर."

"अरेरे. कोणाचं?"

"जिवंत आहे ते! नदीपलीकडे आहे!" दादा ओरडला. "बघ ताई, या घरात सरळ बोलायची सोय राहिली नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे माझ्या जागी आलेल्या बाई, त्यांच्या पाकिटात काय निघालं माहितेय? 'गर्व सोड.' माझा सल्ला आहे असं वाटलं त्यांना! रस्त्यात तोंड फिरवून गेल्या."

"गर्व आहेच त्यांना," तोफ म्हणाला.

"आहेच रे! पण ते आपण इस्त्री करून द्यायचं का?"

ताईला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घालवलं. आईनं तेवढ्यात आपल्या पिशवीतून एक तपकिरी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मला पण मिळालं होतं. 'म्हातारपणीही मी तुला उचलून घेईन' असं लिहिलंय. मला आवडलं बाई. मी उशाशी ठेवते. पोराला कशाला रागावता?"

"आई, तू कालपर्यंत म्हणत होतीस की याला आवरा."

"काल मी चष्मा लावून वाचलं नव्हतं."

एक मोहरा गेला. दादानं धाकटीकडे मोर्चा वळवला. "तू सांग. तुझ्या डोक्यावर तर हे रात्रंदिवस आहे. सहन होतंय का तुला?"

धाकटी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. तिनं मान वर केली. "खरं सांगू? घंटेसाठी हे पहाटे उठतात आणि जाण्याआधी मला चहा करून देतात. अठरा वर्षांत पहिल्यांदा. संघटनेत असताना सगळ्या जगाच्या कामगारांची काळजी होती यांना, पण खळीच्या टाकीवर कोण उभं आहे ते दिसलं नव्हतं. मला हा देव चालेल, दादा."

तोफेनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघितलं.

"पण," धाकटी पुढे म्हणाली, "चहा हातात दिला की उपदेश सुरू होतो. तो संपेपर्यंत चहा निवतो. रोज निवलेलाच पिते मी."

तोफेची मुद्रा उतरली. दादानं ताईकडे सूचक बघितलं. आता वेळ आली होती. ताईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. सोड्यानं आणि पाण्यानं बोटांची पेरं सुजली होती, त्यांच्याकडे बघतच ती म्हणाली, "हे बघ, लाँड्री मी चालवते..." आणि दारावर थाप पडली.

दारात चर्चचे पाळकसाहेब होते. बुटके, घामाघूम, हातात टोपी. दादा उठून उभा राहिला. "या, अगदी वेळेवर आलात. आता तुमचा माणूस आणि तुम्ही!" ताईला वाटलं, झालं. आता हे तोफेची बाजू घेणार, दादा यांच्याशी वाद घालणार, आणि तोफ लाँड्रीबरोबर घरही सोडणार.

पाळकसाहेब खुर्चीच्या अगदी काठावर बसले. "मी जरा नाजूक कामासाठी आलो होतो. आपले हे बंधू... फार श्रद्धाळू आहेत. इतका श्रद्धाळू माणूस माझ्या तीस वर्षांत पाहिला नाही."

"ऐका!" तोफ म्हणाला.

"माझ्या प्रवचनात चूक झाली की ते जागेवरून दुरुस्त करतात. बरोबर असलं तरी पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. गेल्या खेपेस प्रार्थनेनंतर कोणी लवकर निघू नये म्हणून दाराला पाठ लावून उभे राहिले. दोन म्हाताऱ्या खिडकीतून उतरल्या." त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "मी विचारायला आलो होतो, की आठवड्यातले काही दिवस तुम्ही त्यांना... घरी ठेवून घ्याल का?"

 मग दादा खुर्चीत मागे रेलून इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई काही न कळताच हसली. धाकटीनं पदर तोंडाला लावला. तोफ मात्र हसला नाही. तो पाळकसाहेबांकडे बघत होता आणि त्याचा मोठा चेहरा हळूहळू पडत चालला होता. तो चेहरा ताई ओळखत होती. कोपऱ्यात बसायचे दिवस असेच सुरू व्हायचे. चार महिन्यांतच, तिच्या मनात आलं, या वेळी आठसुद्धा नाहीत. आणि तिला पाळकसाहेबांचा, दादाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग आला.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. ताईनं उठून घेतला. रुग्णाश्रमाच्या मेट्रनबाई होत्या, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता. अंथरुणाला खिळलेले साठ जण त्या आश्रमात राहत. सकाळपासून पोटाची साथ आली होती. सगळ्या चादरी गेल्या, बदलायला एक उरली नव्हती, दोन सेविकाही आजारी पडल्या होत्या. "आज तुमची सुट्टी आहे हे ठाऊक आहे मला, ताई, पण..."

"पाठवा," ताई म्हणाली. "मागच्या दारानं."

पाळकसाहेब स्वतः गाडी घेऊन धावले आणि अर्ध्या तासात चार मोठी बोचकी मागच्या मोरीत येऊन पडली. वासानं दादा दारातच थबकला. ताईनं पदर खोचला, भट्टी पेटवली, आणि पहिलं बोचकं सोडलं. दर बुधवारी आश्रमाच्या चादरी येत, तेव्हा ती हेच करायची. बायकांना मळमळतं म्हणून त्या गेल्यावर, एकटी. तोफ आयुष्यभर पुढच्या दारानं आला आणि गेला होता. मागच्या मोरीत तो आज पहिल्यांदा उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "पापाचे डागही असेच..."

"तोंड नंतर. आधी बाह्या वर कर."

त्यानं बाह्या वर केल्या. पहिली चादर उचलली आणि तसाच बाहेर पळाला. अंगणात त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. दादा म्हणाला, "गर्जेल तो पडेल काय!" पण ते संपायच्या आत तोफ परत आला. पांढराफटक पडला होता. त्यानं तीच चादर पुन्हा उचलली आणि गरम पाण्याकडे निघाला.

"गरम नाही! आधी गार. गरम घातलंस की डाग शिजतो, मग जन्मात निघत नाही. गार पाण्यात सोडायचा, वाट बघायची, मग साबण."

"वाट किती बघायची?"

"तो सुटेपर्यंत."

तोफेनं वाट बघितली. मग दुसरी चादर, मग तिसरी. धाकटी भट्टीवर उभी राहिली. दादानं चष्मा काढून खिशात घातला आणि पाळकसाहेबांच्या जोडीनं पिळायच्या यंत्राचा दांडा फिरवायला लागला. दोघं देवाच्या अस्तित्वावर वाद घालत होते, पण दांडा थांबत नव्हता. आई दारात खुर्ची टाकून कोणाला काय चुकतंय ते सांगत बसली. तिसऱ्या बोचक्याच्या वेळी तोफ ताईच्या शेजारी वाकला आणि हळू म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं.

"तू हे कधीपासून करतेस?"

"बारा वर्षं झाली असतील."

"एकटी? का?"

"कोणीतरी धुवायलाच हव्यात."

"तू तर देवाला मानतही नाहीस."

"चादरी कुठे विचारतात ते?" ताई म्हणाली. "ते टोक धर. पीळ."

त्यानं टोक धरलं. पिळताना तो तिच्या सुजलेल्या पेरांकडे बघत होता. मग त्यानं तिच्या हातातलं टोकही काढून घेतलं आणि एकट्यानं पिळलं. ताईचे डोळे भरून आले. साबणाचा दोष म्हणून तिनं ते दंडानं पुसले.

उन्हं कलली तोवर बऱ्याच चादरी वाळल्या. बाकीच्या इस्त्रीनं कोरड्या केल्या. पाळकसाहेब घड्या गाडीत भरत म्हणाले, "आता या चादरी घालणार कोण, हा प्रश्न आहे. माणसं उचलायला तिथे मेट्रनबाई आणि एक म्हातारा रखवालदार."

ताईच्या मनात सकाळपासून अडकलेलं वाक्य होतं, लाँड्री किंवा उपदेश. ते तिनं टाकून दिलं. "याला घेऊन जा," ती म्हणाली.

"कोणाला?" पाळकसाहेब दचकले.

"पाळकसाहेब, आम्ही पंचेचाळीस वर्षं या तोफेच्या आवाजाला कंटाळलो. पण तोफ वाईट नसते. तिचं तोंड कुठे केलंय ते बघायचं असतं. ते आमचं चुकलं, आणि तुमचंही." मग ती भावाकडे वळली. "आजपासून खिसे धाकटी बघेल. तू आश्रमात जा. चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत. उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची."

"आणि देवाबद्दल कोणाला काहीच सांगायचं नाही?" तोफेचा आवाज दुखावलेला होता.

"विचारलं तर सांग. विचारतील तेव्हा हात कामात असू दे, म्हणजे झालं."

तो गाडीत बसला. गेल्यावर दादा म्हणाला, "दोन दिवस. फार तर तीन."  ताईलाही तीच भीती होती.

दिवेलागणीनंतर सगळे जेवायला बसले तेव्हा तोफ आला. शर्ट भिजलेला, गुडघ्यांवर डाग, केस कपाळाला चिकटलेले. हात धुऊन तो पाटावर बसला आणि जेवायला लागला. सगळ्यांनी घास थांबवले. आता भाषण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईनंही आपला कान त्याच्या बाजूला केला. तोफेनं भात कालवला. एकदा मागून घेतला. पुन्हा मागून घेतला. घरात फक्त ताटांचा आवाज होता, आणि असं त्या घरात कधी झालं नव्हतं. धाकटी घाबरून ताईकडे बघायला लागली. पण ताईनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते पडलेलं नव्हतं. थकलेलं होतं, आणि त्याचं लक्ष दुसरीकडे कुठेतरी, कोणाकडेतरी होतं. तेव्हा तिला कळलं की या वेळचं काही माळ्यावर जाणार नाही. इतका आनंद तिला किती वर्षांत झाला नव्हता. तिनं न विचारता त्याला तिसऱ्यांदा भात वाढला.

दादाला राहवलं नाही. "काय रे, किती जणांना तारलंस?"

"एक आजोबा आहेत," तोफ घास गिळून म्हणाला. "धिप्पाड आहेत. पूर्वी गोदीत ओझी उचलायचे. कूस बदलताना त्यांना एका बाजूनं धरलं तर दुखतं. दोन माणसं लागतात, दोन्हीकडून. रखवालदाराला जमत नाही." तो पाणी प्यायला. "उद्या पहाटे सहाला जायचंय मला. तू येशील का, दादा?"

"मी?" दादा म्हणाला. "मी देव मानत नाही."

"त्यांना कूस बदलायचीय."

दादानं ताईकडे बघितलं, मग आईकडे, मग ताटाकडे. "साडेसहाला चालणार नाही का?"

"ते सहाला जागे होतात. तेव्हापासून वाट बघत पडून राहतात."

दादा आणखी थोडा वेळ भात चिवडत बसला. मग तो उठला, हात धुतले, आणि घड्याळाला गजर लावायला गेला.